बेल्जियमच्या पंतप्रधानावर सेमिनार द्यायचाय? असं बसवा

हिस्ट्रीच्या सेमिनारला ह्युबेर पियेर्लो हा विषय आला की आपली सोलापूरची पोरं जन्म १८८३, मृत्यू १९६३ असं वाचत सुटतात आणि दोन मिनिटांत मागचे बेंच मोबाईलमध्ये. तसं करू नका बे. वकिली, कॅथलिक पक्ष, एवढं एका दमात उरका.

आधी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे १९१४, उजवीकडे १९४०.

डावीकडं लिहा, जर्मन घुसले तेव्हा तिशीतला हा वकील स्वतःहून साधा शिपाई म्हणून भरती झाला, युद्ध संपेपर्यंत लेफ्टनंट. बेल्जियमवाल्यांनी तेव्हा न्यूपोर्ट गावाजवळचे पाणी अडवायचे दरवाजे उघडून समुद्राचं पाणी रानात सोडलं, जर्मन अडले, इझर नदीमागं देशाचा जेमतेम कोपरा उरला आणि राजा आल्बेर चार वर्षं तिथंच सैन्याबरोबर राहिला. नकाशा दाखवाच. जवळच ईपर गावाच्या बाजूला आपले शिपाईपण लढलेत, खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच लढाईसाठी मिळाला, हे सांगितलं की हॉल जागा होतो. डॉ. कोटणीस घुसडायचा मोह मात्र आवरा, सोलापूरचे म्हणून टाळ्या पडतील पण गोष्ट वेगळी आहे.

आता उजवीकडं. तोच शिपाई फेब्रुवारी १९३९ पासून पंतप्रधान आणि गादीवर आल्बेरचा मुलगा लिओपोल्ड तिसरा. २५ मे १९४० ला विनेंडाल किल्ल्यात पियेर्लो आणि तीन मंत्री राजाला विनवतायत, आमच्याबरोबर देशाबाहेर चला, लढाई चालू ठेवू. राजा नाही म्हणाला. २८ ला शरणागती, आणि त्याच दिवशी पियेर्लो रेडिओवर सांगतो की सरकार लढत राहणार. राजनिष्ठ माणूस आणि राजाच्याच विरोधात, इथं घाई करू नका, निम्मा वेळ इथंच गेला तरी चालेल.

त्याला हिरो करायला जाऊ नका. फ्रान्स पडल्यावर हेच सरकार डळमळलं, जर्मनीशी बोलणी करायच्या विचारात होतं, तेही सांगा. मग स्पेनमधून परराष्ट्रमंत्री स्पाकसोबत गाडीत लपून पोर्तुगाल, ऑक्टोबरात लंडन. १९४१ ला इंग्लंडात रेल्वेच्या आगीत दोन मुलं गेली, हे एकाच वाक्यात सांगा, रडका आवाज नको. सप्टेंबर १९४४ ला परत, फेब्रुवारी १९४५ ला खुर्ची गेली.

सर हमखास विचारणार, राजाचं काय झालं? तयार राहा: राजानं गादीवर परत यावं का, या १९५० च्या सार्वमतात सुमारे ५७ टक्के लोक त्याच्या बाजूनं, तरी इतका गदारोळ झाला की १९५१ ला मुलासाठी गादी सोडली.