कॉलेजच्या ऑफिसात, विद्यापीठाच्या ॲडमिशन-रजिस्ट्रार विभागात नोकरी पाह्यजे? मग या चुका टाळा

आपल्या विदर्भात बीए-बीकॉम झालं की पोरगं म्हणते, "कुठं कॉलेजात क्लर्क लागलो तरी चालते." हे "तरी" घेऊन जे येतात ते पहिल्याच ॲडमिशन सीझनला हातपाय गाळून बसतात, कारण बाहेरून जे खिडकीतून पावती फाडणं दिसतं त्याच्यामागं एका पोराची पूर्ण फाईल असते, प्रवेश, एनरोलमेंट (विद्यापीठात नावनोंदणी), एलिजिबिलिटी (पात्रता तपासणी), स्कॉलरशिप, परीक्षा फॉर्म, मार्कशीट, टीसी, मायग्रेशन (बोर्ड किंवा विद्यापीठ बदलताना जुन्याकडून लागणारा दाखला) ते थेट डिग्री. तालुक्याच्या कॉलेजात हे सगळं दोन-तीन माणसं ओढतात. विद्यापीठात त्याच कामाचे वेगवेगळे विभाग होतात, कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव आणि सगळ्यात वर कुलसचिव. परीक्षेचा कारभार वेगळा, त्याला परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. म्हणजे शिडी आहे, पण चढायची असंल तर सुरुवातीलाच काही गोष्टी नीट कराव्या लागतात. मी या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे जे रोज दिसतं तेच लिहितोय.

"जागा निघंल तवा टायपिंग करू"

जागा निघाली की अर्जाला पंधरा-वीस दिवस भेटतात. तेवढ्यात टायपिंगची परीक्षा होऊन सर्टिफिकेट हातात येत नाही भाऊ. जाहिरातीत बहुतेक वेळा मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट मागतात, त्याची जीसीसी-टीबीसी परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि ती त्यांच्या वेळापत्रकानं होते, तुमच्या नाही. एमएस-सीआयटी पण आधीच करून ठेवा. आणि एक सांगतो, क्लासमधे क्रुतीदेवसारखा जो जुना फॉन्ट शिकवतात त्यावरच थांबू नका, पोर्टलवर सगळं युनिकोडमधे टाकावं लागतं, क्रुतीदेवमधलं पत्र तिथं पेस्ट केलं तर किडेमुंग्या दिसतात.

दुसरी चूक याहून महाग पडते आणि ती दहा वर्षांनी कळते. नोकरी लागली की लोक एमए, एमकॉम कसंतरी उरकतात, बाहेरून फॉर्म भरला, 51-52 टक्क्यांनी निघाला, झालं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) निकषात सहायक कुलसचिव पदाला पदव्युत्तर पदवीत किमान 55 टक्के लागतात. आरक्षित प्रवर्गाला सूट असते ती जाहिरातीत वाचून घ्या, पण बाकीच्यांचं त्या तीन टक्क्यांवर अडतं. माणूस कामात वाघ, कायदा तोंडपाठ, वीस वर्षांचा अनुभव, आणि फॉर्मच भरता येत नाही! म्हणून मास्टर्स करताय तर अभ्यास करूनच करा, घाई नका करू.

फक्त अनुदानित कॉलेजच्या पक्क्या जागेकडं डोळे लावून बसणं हीसुद्धा चूकच. शिक्षकेतर भरती सारखी अडकत असते, कधी आकृतीबंध (मंजूर पदांचा आराखडा), कधी कोर्ट. तोवर पॉलिटेक्निक, फार्मसी कॉलेज, अकोल्याचं कृषी विद्यापीठ, नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ, वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ, मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची अभ्यासकेंद्रं, सगळीकडं हेच काम आहे. कंत्राटी का होईना, पगार कमी का होईना, पण जून ते सप्टेंबर एक सीझन काढला की बायोडाटात लिहायला काहीतरी खरं येतं.

पैसे देऊन जागा घेणं

यावर जरा जास्तच लिहितो कारण आमच्या भागात वावर विकून पैसे दिलेले लोक मी पाह्यले. मधला माणूस म्हणते "संस्थेत बोलणं झालं आहे, अर्धे आता अर्धे ऑर्डर भेटल्यावर." ऑर्डर भेटते पण. लेटरहेडवर, शिक्का मारून. पण अनुदानित कॉलेजात ऑर्डर म्हणजे पगार नव्हे. ती जागा मंजूर पाह्यजे, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याची यादी) तपासलेली पाह्यजे, जागा भरायला शासनाची ना-हरकत पाह्यजे, पेपरात जाहिरात, निवड समिती, आणि हे सगळं झाल्यावर उच्च शिक्षण सहसंचालकाची मान्यता. आपल्याकडं ही दोन ऑफिसं, नागपूर आणि अमरावती. मान्यता आली की नाव सेवार्थला (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीत) चढतं आणि मग शासनाचा पगार सुरू होतो. यातलं एक पान कमी असलं तर माणूस वर्षानुवर्षं "मान्यता येणार आहे" वर काम करत राहते, आणि संस्था देईल ते चार-पाच हजार घेत राहते.

त्यामुळे कोणी ऑर्डर दाखवली तर लाजू नका, सरळ विचारा, ना-हरकतीचं पत्र कुठं आहे? जाहिरात कोणत्या पेपरात, कोणत्या तारखेला आली होती? हा बिंदू कोणत्या प्रवर्गाचा आहे? समोरचा "तू विश्वास ठेव ना बाबू" म्हणाला की उठा आणि घरी या. लाच देणं गुन्हा आहे हा भाग तर आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी त्या पैशाची पावती नसते, भांडाल कशाच्या जोरावर?

कागद वाचता न येणं

लागल्यावर पहिल्या सहा महिन्यात सगळ्यात जास्त चुका नावात होतात. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, त्यात इंग्रजी स्पेलिंग, दीपालीला एका कागदावर आय आणि दुसऱ्यावर डबल ई. नवीन क्लर्क आधार समोर ठेवून फॉर्म भरून टाकते. तसं करू नका. कॉलेजच्या रेकॉर्डला दहावी-बारावीच्या मार्कशीटवरचं नाव चालतं, आधार जुळत नसंल तर पोराला आधार दुरुस्त करायला पाठवा, आणि ते पहिल्याच वर्षी पाठवा. नाही तर एबीसी आयडी, म्हणजे पोराचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा 12 आकडी नंबर, जोडताना नाव जुळत नाही आणि मग क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानं शिक्षण सोडलं तरी 40 ते 44 क्रेडिटवर सर्टिफिकेट आणि पुन्हा यायची सोय आहे, पण क्रेडिट चढलेच नसतील तर त्या सोयीचा काय उपयोग. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंना राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र मागावं लागतं, आणि ते नीट शब्दात मागा, त्या आधीच चार ऑफिसं फिरून आलेल्या असतात.

दुसरं म्हणजे एलिजिबिलिटी. राज्य मंडळातून बारावी झालेलं पोरगं आलं तर काम सोपं, पण नवोदयची पोरं सीबीएसईची असतात हे घाईत विसरतात. गोंदियाकडं बालाघाटची पोरं येतात, देवरीकडं छत्तीसगडची, सिरोंच्यात तेलंगणा इंटरची (तिकडची बारावी). यांना मायग्रेशन लागतं, ओरिजनल. प्रवेशाच्या दिवशी "नंतर आणून दे" म्हटलं की ते पोरगं दिवाळीनंतरच उगवते, आणि उन्हाळ्यात निकाल राखून ठेवला म्हणून बाप ऑफिसात येऊन उभा राहते, "सर, पोरीचा निकाल काऊन नाही आला?" तेव्हा चूक कोणाची हे त्याला समजावत बसण्यात अर्थ नसतो. उपाय साधा आहे, प्रवेश देतानाच बाहेरच्या बोर्डाची वेगळी यादी करा, एका वहीत, आणि दर सोमवारी ती वही उघडा. पोर्टल आठवण करून देत नाही, वही देते.

कोणतं विद्यापीठ कधी कुठं होतं हे पण डोक्यात पाह्यजे. गोंडवाना विद्यापीठ 2011 ला झालं, त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. अमरावती विद्यापीठ 1983 चं. आणि नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव 2005 ला लागलं. म्हणजे 2003 ची डिग्री घेऊन ब्रह्मपुरीचा माणूस डुप्लिकेट मार्कशीट मागायला आला तर त्याला गडचिरोलीला पाठवू नका, एक दिवस आणि भाडं दोन्ही वाया. आणि जुन्या डिग्रीवर नुसतं "नागपूर विद्यापीठ" दिसलं म्हणून ती खोटी आहे असा संशय घेणारे बहाद्दर पण असतात.

आता दाखल खारीज, म्हणजे पोरांच्या प्रवेशाची आणि सोडून गेल्याची नोंदवही. हे रजिस्टर आपल्या कामातलं सगळ्यात मोठं. यात खाडाखोड, व्हाइटनर, वरून वेगळ्या पेनानं जात लिहिणं, यातलं काहीही, कोणाच्याही सांगण्यावरून करायचं नाही. जात पडताळणीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी काढतात, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 आधीच्या, जमातीला 6 सप्टेंबर 1950 आधीच्या, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967. पडताळणी समितीचं दक्षता पथक येतं ते ओळ न ओळ पाहते, शाई वेगळी दिसली की संशय. आज तुम्ही कोण्या ओळखीच्या माणसासाठी एक अक्षर वाढवलं तर त्याच्या नातवाची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) त्यावर अडू शकते, आणि बनावट नोंदीचा गुन्हा तुमच्यावर तो वेगळाच. दुरुस्ती करायची तर रीतसर आदेश घ्या, जुनी नोंद वाचता येईल अशी एक रेघ मारा, बाजूला आदेशाचा क्रमांक, तारीख, प्राचार्यांची सही.

पोर्टल अडलं की काय करायचं

गावात अर्धे फॉर्म नेट कॅफेत किंवा सेतूत भरले जातात. तिथला पोरगा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून देते, ईमेल पण त्याचाच, कारण ओटीपीसाठी थांबायला कोणाला वेळ असते. पुढच्या वर्षी स्कॉलरशिपच्या रिन्युअलला ओटीपी त्या कॅफेवाल्याकडं जातो आणि त्यानं सिम बदललेलं असतं! प्रवेशाच्या वेळी खिडकीवरूनच त्या नंबरवर मिस कॉल मारून पहा, पोराच्या खिशात वाजला तर ठीक.

"स्कॉलरशिप मंजूर दाखवते पण पैसे नाही आले" ही तक्रार रोजची. महाडीबीटीचे (शासनाच्या स्कॉलरशिप पोर्टलचे) पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जे खातं जोडलेलं आहे त्यात जातात. शाळेत काढलेलं झिरो बॅलन्सचं खातं, नाही तर सिम घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं, पैसे तिथं पडून असतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस (आधारला कोणतं खातं जोडलंय ते) पाह्यलं की दोन मिनिटात कळतं. हे न पाहता पोराला समाजकल्याणला पाठवणारे क्लर्क आहेत, त्यांच्यासारखं होऊ नका. फॉर्म परत पाठवताना कारण पण नीट लिहा. "कागदपत्र अपूर्ण" याचा काही अर्थ होत नाही, "उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे, या वर्षीचा टाका" असं लिहा.

नॉन क्रिमीलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, ती तारीख आधी पहा, मग बाकीचा कागद.

शेवटच्या तारखेचं काय सांगावं. जुलैत पूर्व विदर्भात धानाची रोवणी, इकडं सोयाबीन-कपाशीचं निंदण, पोरं वावरात, बाप पण वावरात, आणि सगळे उगवतात शेवटच्या दिवशी. त्याच दिवशी लाइट जाते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा वेळी हात वर करून "साइट बंद आहे" म्हणू नका, एररचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा घ्या, राहिलेल्या पोरांची यादी करा आणि प्राचार्यांच्या सहीनं त्याच दिवशी विद्यापीठाला मेल टाका. मुदतवाढ देताना, विलंब शुल्क माफ करताना तोच मेल कामी येतो, आठ दिवसांनी पाठवलेला नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालेत, म्हणजे ज्युनिअर कॉलेज जोडून असलेल्या ऑफिसाला ही धावपळ दुप्पट.

लॉगिन पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर ठेवू नका. प्राचार्यांचा लॉगिन क्लर्क चालवते हे सगळीकडं आहे, मला माहीत आहे, पण निदान कोणत्या दिवशी कोणती यादी पुढं पाठवली त्याची सही घेऊन ठेवा.

खाजगी विद्यापीठात "ॲडमिशन काउन्सेलर"

नागपूर साइडला या जागा भरपूर, लवकर भेटतात. पण नाव काउन्सेलर असलं तरी बरेचदा काम फोनवर ॲडमिशन विकायचं असतं, टार्गेट असतं, पगाराचा मोठा हिस्सा इन्सेंटिव्ह. जॉइन होण्याआधी फिक्स पगार किती ते लेखी घ्या. आणि पोराला "आधी ओरिजनल जमा कर, मग पाहू" म्हणायला सांगितलं तर ओरिजनल अडकवून ठेवायला यूजीसीची 2018 पासून मनाई आहे, तपासून परत द्यायचे असतात. प्लेसमेंटचं खोटं सांगून आपल्याच तालुक्यातलं पोरगं तिथं ढकललं तर पुढचा बाजार त्याच्या बापाच्या समोरूनच करावा लागते, एवढं ध्यानात ठेवा. बाकी या नोकरीत बोलणं सुधारते, इंग्रजी ईमेल लिहायची सवय लागते, दीड-दोन वर्षं करायला वाईट नाही.

इंटरव्ह्यू आणि अर्ज

बायोडाटात "मेहनती, प्रामाणिक, टीमवर्क" लिहून काही होत नाही, पॅनेलवरचे लोक ते वाचतसुद्धा नाहीत. कोणतं पोर्टल हाताळलं, क्लर्क लॉगिनवर काय काय केलं, बिंदुनामावली पाहिली आहे का, हे लिहा. प्रश्न असेच येतात, सीबीएसईचा विद्यार्थी आला तर काय मागाल, टीसी हरवली तर डुप्लिकेट कशी द्याल, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 मधे कुलसचिवाचं काम काय. कायदा मराठीत भेटतो, निदान अधिकाऱ्यांचं प्रकरण वाचून जा. शिक्षकेतरांच्या सेवाशर्ती 1984 च्या स्टँडर्ड कोडमधे आहेत, त्याचं नुसतं नाव घेतलं तरी समोरचा जरा सरसावून बसते.

आणि विद्यापीठाच्या बऱ्याच जाहिरातीत ऑनलाइन अर्ज भरल्यावर त्याची प्रिंट सगळ्या झेरॉक्स जोडून पोस्टानं पाठवावी लागते. त्याची तारीख वेगळी असते, आणि बहुतेक वेळा ती पोचायची तारीख असते, पाठवायची नाही. खेड्यातल्या पोस्टातून शुक्रवारी संध्याकाळी टाकलेलं स्पीड पोस्ट सोमवारी पोचंलच याच्या भरवशावर राहू नका, दोन दिवस आधी जिल्ह्याच्या हेड पोस्टातून टाका नाही तर स्वतः जाऊन आवक विभागात द्या आणि पोच म्हणून आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. लिफाफ्यावर पदाचं नाव आणि जाहिरात क्रमांक मोठ्या अक्षरात.