शेअर केलेला फोल्डर स्क्रीन रीडरने कसा उघडावा

दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर हवा असला की डोळस सहकारी सांगतो, "नेटवर्कमध्ये जा ना, तिथे दिसेल." मीही कित्येक दिवस तसंच करत होतो. फाइल एक्सप्लोररमध्ये जायचं, टॅब दाबत डावीकडची यादी गाठायची, खाली खाली जात नेटवर्क शोधायचं, एन्टर दाबायचा आणि शांतता ऐकत बसायचं. पुष्कळदा ती यादी रिकामीच असते. संगणक त्या यादीत दिसणं आणि त्यावरचा फोल्डर उघडता येणं या विंडोजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत काहीच नसतं तेव्हाही फोल्डर व्यवस्थित उघडू शकतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की फोल्डर शोधू नका, त्याचा पत्ता टाइप करा.

खालच्या कळा एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आहेत. तिथे "एनव्हीडीए कळ" म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही तशी निवड केली असेल तर कॅप्स लॉक.

आधी पत्ता नीट मिळवा

पत्ता असा असतो: दोन बॅकस्लॅश, संगणकाचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव. उदाहरणार्थ, \\ऑफिस\हिशेब. (इथे सगळं उच्चाराप्रमाणे लिहिलं आहे. तुमच्या संगणकावर नावं ज्या लिपीत असतील त्या लिपीत टाइप करा, आणि पुढे येणाऱ्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत.)

गफलत बहुतेक वेळा इथेच होते. फोल्डरचं नाव एक असतं आणि शेअर करताना त्याला दिलेलं नाव दुसरंच असतं. त्यामुळे पत्ता तोंडी विचारू नका. ज्यांच्या संगणकावर फोल्डर आहे त्यांना म्हणा, "फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगचा टॅब उघडा, तिथे नेटवर्क पाथ म्हणून जी ओळ आहे ती जशीच्या तशी मेसेजने पाठवा." ती कॉपी करून पेस्ट केली की टाइप करण्यातल्या निम्म्या चुका टळतात.

आता जोडणी

विंडोज कळ आणि आर दाबा. रनची खिडकी उघडते आणि फोकस (कळा दाबल्या की जिथे परिणाम होतो ती जागा) थेट लिहायच्या चौकटीत असतो. पत्ता पेस्ट करा किंवा टाइप करा.

टाइप करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, कीबोर्डची भाषा. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर बॅकस्लॅशच्या कळेवर "ॉ" ही मात्रा उमटते. विंडोज कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. दुसरी, ऐकण्याची. चिन्हं किती बोलायची याची एनव्हीडीएची नेहमीची पातळी "काही" अशी असते, आणि तिच्यावर पूर्ण ओळ वाचताना बॅकस्लॅश उच्चारलाच जात नाही. एक बॅकस्लॅश असो, दोन असोत की एकही नसो, कानाला ओळ सारखीच लागते. याच कारणाने मी एकदा पाऊण तास एकच चुकीचा पत्ता "बरोबर" म्हणून तपासत होतो. होम कळ दाबून उजव्या बाणाने एकेक अक्षर ऐका, तसं केलं की प्रत्येक चिन्ह बोललं जातं. नाहीतर एनव्हीडीए कळ आणि पी दाबत पातळी वाढवा.

एन्टर दाबल्यावर थांबा. दुसरा संगणक शोधायला विंडोजला काही सेकंद लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन रीडर गप्प असतो. त्या शांततेत पुन्हा पुन्हा एन्टर दाबू नका. थोड्या वेळाने एनव्हीडीए कळ आणि टी दाबून खिडकीचं शीर्षक ऐका. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्येही इन्सर्ट आणि टी हीच जोडी चालते. शीर्षकात फोल्डरचं नाव आलं की तुम्ही आत आहात. फोकस यादीवर असूनही काहीच निवडलेलं नसेल तर खालचा बाण किंवा होम दाबा, नावं बोलू लागतील.

युझरनेम आणि पासवर्ड विचारला तर

ही चौकट कधीकधी मागेच राहते. काहीच घडत नाहीसं वाटलं तर आल्ट-टॅब करून पाहा. चौकट समोर आली की एनव्हीडीए कळ आणि बी दाबा, आतला सगळा मजकूर वाचला जाईल.

इथे नाव आणि पासवर्ड द्यायचा तो समोरच्या संगणकावरच्या खात्याचा, तुमच्या नव्हे. नाव संगणकाच्या नावासकट, म्हणजे "ऑफिस\नाव" असं दिलेलं बरं. ते खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर ईमेल आणि त्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, पिन चालत नाही. पासवर्डच नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत जाणंही विंडोज सहसा नाकारतं.

पासवर्ड टाइप करताना प्रत्येक अक्षराला फक्त "स्टार" ऐकू येतं, त्यामुळे कीबोर्डची भाषा बदललेली असली तरी कळत नाही. खात्री नसेल तर हेडफोन लावा, नोटपॅडमध्ये पासवर्ड टाइप करून अक्षरं ऐका आणि सेव्ह न करता नोटपॅड बंद करा. संगणक तुमचा स्वतःचा असेल तर "माझी ओळख लक्षात ठेव" अशा अर्थाचा चेकबॉक्स स्पेसने निवडून ठेवा.

रोजचा फोल्डर असेल तर

रनची चौकट जुने पत्ते लक्षात ठेवते, खालचा बाण दाबला की ते मिळतात. पण रोज लागणाऱ्या फोल्डरला मी सरळ एक ड्राइव्हचं अक्षर देतो. त्यासाठी एक्सप्लोररमध्ये "मॅप नेटवर्क ड्राइव्ह" आहे, पण विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे ते मेनूत जागा बदलतं. आज्ञेची जागा बदलत नाही आणि तिचं उत्तरही शब्दांत ऐकू येतं, म्हणून मला तीच जवळची वाटते.

रनमध्ये सीएमडी टाइप करून एन्टर दाबा, आज्ञा लिहायची खिडकी उघडते. मग लिहा: नेट यूज झेड: \\ऑफिस\हिशेब /पर्सिस्टंट:येस. नेट आणि यूज हे दोन वेगळे शब्द आहेत, झेडच्या मागे कोलन लागून येतो आणि पर्सिस्टंटच्या आधी साधा स्लॅश, बॅकस्लॅश नव्हे. नावात स्पेस असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. काम झालं की आज्ञा यशस्वी झाल्याचं वाक्य आपोआप वाचलं जातं. ऐकायचं हुकलं तर नंबरपॅडवरच्या ७, ८ आणि ९ ने मागची, सध्याची आणि पुढची ओळ पुन्हा ऐका. इथून पुढे तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मिळेल. सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मात्र उघडू नका, तिथे जोडलेला ड्राइव्ह साध्या एक्सप्लोररमध्ये बहुधा दिसतच नाही.

जोडणी झाली नाही तर त्रुटीचा क्रमांक लक्ष देऊन ऐका, त्यातच कारण असतं. ५३ आला तर तो संगणक सापडलेला नाही: नाव तपासा, तो चालू आहे का विचारा, नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) वापरून पाहा. ६७ आला तर शेअरचं नाव चुकलं असण्याची शक्यता जास्त. १३२६ म्हणजे युझरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. ५ म्हणजे दार सापडलं पण आत जायची परवानगी नाही, ती समोरच्यानेच द्यायला हवी. ८५ म्हणजे ते अक्षर आधीच वापरात आहे, दुसरं घ्या.

१२१९ सगळ्यात जास्त छळतो. त्याच संगणकाशी तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले असता आणि विंडोज दोन नावं एकदम स्वीकारत नाही. नुसतं "नेट यूज" लिहून एन्टर दाबा, चालू जोडण्यांची यादी वाचली जाईल. त्यातली जुनी जोडणी "नेट यूज", तिचं अक्षर किंवा पत्ता आणि शेवटी "/डिलीट" असं लिहून तोडा आणि पुन्हा जोडा. या "डिलीट"ने फक्त जोडणी जाते, फाइल्सना धक्का लागत नाही.

फोल्डरच्या आत डिलीट कळ दाबताना मात्र जपा. शेअरवरून उडवलेली फाइल तुमच्या रीसायकल बिनमध्ये येत नाही, ती कायमची जाते. विंडोज त्याआधी एक प्रश्न विचारतं. तो नेहमीच्या प्रश्नासारखाच वाटतो, म्हणून हो म्हणण्याआधी एनव्हीडीए कळ आणि बी दाबून तो पूर्ण ऐका आणि फाइलचं नाव पडताळा.