देवराईतील शेकरूची घरटी कशी मोजावीत

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असला तरी तो सहसा नजरेस पडत नाही, कारण तो एकटा राहतो, उंच झाडांच्या शेंड्यांतून हिंडतो आणि चाहूल लागली की फांदीला चिकटून निश्चल होतो. त्यामुळे कोकणातील देवराईत त्याचा माग काढायचा असेल, तर त्याची घरटी मोजणे अधिक सोयीचे ठरते.

देवराईत शिरण्यापूर्वी गावच्या मानकऱ्यांना विचारावे आणि प्रथा असेल तर देवाला गाऱ्हाणेही घालावे. गावाची साथ नसेल तर ही नोंद एका वर्षापलीकडे टिकत नाही. मोजणीसाठी पावसाळा टाळावा. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा काळ चांगला, कारण ऐन, किंजळ यांसारखी झाडे पाने गाळतात आणि घरटी उघडी पडतात. सदाहरित राईत मात्र ही सोय नसल्याने प्रत्येक झाडाखाली थांबून दोन-तीन बाजूंनी शेंडा न्याहाळावा लागतो.

शेकरूचे घरटे काटक्या आणि पानांचे, मोठे, गोलाकार व वरून झाकलेले असते आणि ते बहुधा बारीक फांद्यांच्या बेचक्यात बांधलेले असते. कावळ्याचे घरटे वाटीसारखे उघडे असते, तर तांबड्या मुंग्यांचे घरटे जिवंत पाने शिवून केलेले आणि बरेच लहान असते. हा फरक डोळ्यांत बसल्यावर खरी कसोटी लागते ती नवे-जुने ओळखताना. ताज्या घरट्यात हिरवी किंवा नुकतीच सुकलेली पाने दिसतात. सोडून दिलेले घरटे एका बाजूला कललेले, विरळ झालेले आणि आरपार आकाश दाखवणारे असते. दोन्हींची नोंद करावी, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

येथे नवखा हमखास चुकतो. एकच शेकरू अनेक घरटी बांधत असल्याने दहा घरटी दिसली म्हणून दहा शेकरू आहेत, असे लिहू नये. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच वाटेने, तितक्याच संथपणे चालून मिळालेले आकडेच एकमेकांशी ताडून पाहता येतात.

प्रत्येक घरट्यासमोर झाडाचे नाव, अंदाजे उंची आणि शेजारच्या किती झाडांच्या फांद्या त्या झाडाला भिडतात, हे लिहावे. शेवटची नोंद कंटाळवाणी वाटली तरी माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. शेकरू सुमारे सहा मीटर लांब उडी घेऊ शकतो, पण शक्यतो जमिनीवर उतरत नाही. म्हणून काजू किंवा रबराच्या लागवडीसाठी मधली झाडे तोडली गेली, की राई शाबूत राहूनही तो तिच्यात कोंडला जातो. अशा तुटलेल्या जागा नकाशावर खुणावून ग्रामसभेपुढे ठेवाव्यात आणि तेथे जांभूळ, उंबर, फणस यांसारखी स्थानिक झाडे लावण्याचा आग्रह धरावा. फणस आणि शहाळी यांवरून बागायतदारांची शेकरूवर नाराजी असते, तेव्हा त्यांना या चर्चेत आधीच सामील करून घ्यावे. घरट्यांची नेमकी ठिकाणे मात्र समाजमाध्यमांवर टाकू नयेत.