वारं सुटलंय म्हणून विंडसर्फिंगचा (शीड लावलेला) बोर्ड काढताय? तळ्यावर या चुका टाळा

रंकाळ्यावर भेळ खाता खाता पाण्याकडे नीट बघा. वायव्येचं वारं असलं की शालिनी पॅलेसच्या झाडीखालचं पाणी तेलासारखं गुळगुळीत दिसतं आणि मधोमध काळपट सुरकुत्या पळत असतात. (रंकाळा फक्त वारं ओळखायला. बोर्ड टाकायचा तो परवानगी असलेल्या जलाशयावरच.)

काठावर उभं राहून वाऱ्याचा अंदाज बांधणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. झाडाआड वारं लागत नाही, म्हणून गडी मोठं शीड जोडतो. शंभरेक मीटर आत गेला की खरं वारं गाठतं आणि हातातली बूम (शीड धरायचा दांडा) हिसकावून नेतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. १० नॉट्सला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) मजेत पेललेलं शीड २० नॉट्सला माणूस आडवा करतं. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसला की १२-१५ नॉट्स धरून चाला. तळं लहान असेल तर लाट उठायला जागाच नसते, फेस उशिरा दिसतो. शंका आली की लहान शीड घ्या.

दुसरी चूक माझीच. दोरी हाताला काचते म्हणून पहिल्या वर्षी मी डाऊनहॉल (शीड खाली ताणणारी दोरी) अर्धाच ओढायचो. झोत आला की शिडाचं पोट मागंपुढं सरकायचं आणि मी कधी पाठीवर, कधी तोंडावर! मास्टच्या (शिडाच्या खांबाच्या) बुडाला पाय टेकून ओढा. वरच्या टोकाकडची मागची कड थोडी लुळी पडली पाहिजे, जादा वारं तिथूनच निसटतं.

मालवणला, गोव्याला शिकून आलेले म्हणतात, "इथं बोर्ड बुडतोय." खरंच बुडतो, थोडासा. गोडं पाणी हलकं असतं. १०० लिटरचा बोर्ड समुद्रापेक्षा साधारण अडीच किलो वजन कमी पेलतो.

चालता बोर्ड ब्रेक लागल्यासारखा अडखळला तर फिनला (बोर्डखालच्या पात्याला) केंदाळ किंवा शेवाळ गुंडाळलंय. वारं वाढलंय म्हणून शीड आणखी ओढत बसू नका, उतरून फिन मोकळी करा. अशा पाण्यात मागं झुकलेली फिन बरी, तिच्यावरून झाडोरा घसरून जातो.

सुरुवातीलाच वाऱ्याबरोबर लांब जाऊ नका. आधी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारं येतं त्या बाजूला जा, म्हणजे दमल्यावर परतणं सोपं. एप्रिल-मेमध्ये उकाड्यात अचानक गार झुळूक आली आणि एका अंगाला आभाळ काळं दिसलं, तर वळीव आलाच समजा. पहिला थेंब पडायच्या आत काठावर या. विजा कडाडत असताना उभा मास्ट हातात नको.

अडकलात तर बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. लाइफ जॅकेट असलं तरी नाही. बोर्डवर बसा, दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली हलवा. ही मदतीची खूण बघायला काठावर एक जण हवा, आणि त्याचं डोकं मोबाइलमध्ये नको.