छोटं इंजिन बदलायचंय? आधी एवढी तयारी करा

नवीन इंजिन आलं की जुनं लगेच खोलावंसं वाटतं, पण पान्याआधी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, हातात घ्या. शाफ्ट, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेला फिरता दांडा, उभा की आडवा, जाडी किती, लांबी किती, पुली त्यावर घसरू नये म्हणून बसवायच्या चावीची खाच केवढी, खालच्या चार भोकांमधलं अंतर किती, हे सगळं जुन्यावर मोजायचं आणि नव्याशी ताडून बघायचं. पाच-सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाला बऱ्याचदा पाऊण इंची म्हणजे 19.05 मिमीचा शाफ्ट असतो, पण 20 मिमीचाही येतो, नुसत्या नजरेला फरक कळतच नाही आणि पुली निम्म्यात अडकली की मग डोक्याला हात. फिरायची दिशाही बघून ठेवा. वायरी, थ्रॉटलची केबल, स्प्रिंगा कुठल्या भोकात आहेत त्याचे जवळून फोटो काढा, नंतर आठवत नाही.

खोलताना इंजिन थंड हवं. प्लगची कॅप नुसती काढून सोडू नका, लांब ओढून बांधून ठेवा, ती आपोआप परत प्लगला टेकू शकते. पेट्रोल बाहेर मोकळ्यावर झाकणाच्या कॅनमध्ये काढा, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, त्यामुळे जवळपास ग्राइंडर किंवा शेगडी चालू नको.

पुली घट्ट असेल तर पुलर, म्हणजे ती ओढून काढायचं हत्यार, आणा, हातोडी नको म्हणजे नकोच. मी एकदा नव्या शाफ्टवर पुली ठोकून बसवली होती आणि दुसऱ्या दिवशी ऑईल सीलखाली, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कड्याखाली, तेलाचा ओघळ आलेला, कारण तो ठोका थेट आतल्या बेअरिंगवर जातो. शाफ्ट एमरी पेपरने साफ करून ग्रीसचा हलका हात दिला की चांगली पुली हाताने सरकते. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना ते सरळ पट्टी लावून बघा, मगच बोल्ट आवळा. सायलेन्सरचं तोंड माणसाकडे किंवा पेट्रोलच्या नळीकडे नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन बंद कसं होणार ते चालू करायच्या आधी तपासा. बहुतेक छोट्या इंजिनांत स्विच बंद केला की इग्निशनची वायर बॉडीला अर्थ होते आणि स्पार्क थांबतो, म्हणजे ती वायर सुटलेली राहिली तर स्विच बंद करूनही इंजिन चालूच राहतं!! ती वायर तेवढ्यापुरती इंजिनाच्या कॉइलपासून सोडवून मल्टिमीटर लावून बघा, स्विच बंद असताना वायर आणि बॉडीत बीप यायला हवा, चालू केला की जायला हवा, मग वायर परत घट्ट जोडा. आणि पेट्रोलच्या कॉकवर विसंबू नका, तो बंद केला तरी कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन फिरतं.

नवीन इंजिन बहुतेक वेळा कोरडं येतं. सपाट जागी ठेवून मॅन्युअलमधलं ऑईल भरा, या साइजला साधारण 600 मिली लागतं, पण डिपस्टिक सांगेल ते खरं. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ओढून आरपीएम वाढवायला जाऊ नका, यंत्राची पाती आणि पुल्या तेवढ्या वेगासाठी बनवलेल्या नसतात.

पहिला स्टार्ट बाहेरच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बेल्टचा गार्ड आधी लावा, लोड देऊ नका, अर्ध्या मिनिटात स्विचने बंद करून बघा. पाच-दहा मिनिटं चालवलं की थंड होऊ द्या आणि चारही बोल्टांना परत पाना लावा, थरथरीने एखादा तरी सैल झालेला सापडतोच.