नवी वस्तू घडवताना: आधी पुठ्ठा, मग पत्रा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडच्या कोपऱ्यात बेदाणा निवडायचं एक टेबल पडून आहे. स्टेनलेस स्टीलचं, वेल्डिंग इतकं साफ की बोट फिरवलं तरी जोड कळत नाही. तासगावकडच्या एका बेदाणा शेडवर ते दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यावर जेवणाचे डबे ठेवलेले दिसले. नवी वस्तू किंवा सेवा आणायची तर कामाचा क्रम काय असावा, हे त्या टेबलावरूनच सांगतो, कारण आमचा क्रम उलटा होता.

आधी बघायला जा

शेडमालक म्हणाले होते, "बायका खाली बसून कंटाळतात, उंच टेबल करून द्या." आम्ही दिलं. बायकांना कुणी विचारलंच नाही. टेबल फसल्यावर मी एक अख्खा दिवस तिथे पोत्यावर बसून काढला. बायका ढिगाभोवती गोल बसतात, एक गुडघा वर. डावा हात दाणे पसरतो, उजवा काड्या आणि काळे दाणे वेचतो, आणि तोंडं चालूच असतात. आमच्या टेबलाने त्यांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं होतं. गप्पा बंद. वर बेदाण्यातल्या साखरेने दाणे गुळगुळीत पत्र्याला चिकटत, मग ओलं फडकं घेऊन तो पुसत बसायचं.

अशा दिवशी 'असं दिलं तर वापराल का?' हा प्रश्न विचारू नका. भिडेखातर माणूस हो म्हणतो. 'काल कधी काम थांबवलंत, का थांबवलंत?' असं विचारा. एक मावशी म्हणाल्या, "टेबलाचं काय घिऊन बसलाय दादा, उजेडाचं बघा की. दुपार कलली की काळा दाणा दिसतोय कुठं?" मालकाच्या बोलण्यात उजेड हा शब्दच नव्हता.

मग अडचण एका वाक्यात लिहा

आमचं वाक्य असं झालं: गोल बसून निवडणाऱ्या बायकांना संध्याकाळपर्यंत काळा दाणा दिसावा आणि धूळ-काडी आपोआप खाली पडावी. यात 'टेबल' शब्द मुद्दाम नाही. शेजारी वजन किती चालेल, किंमत किती आणि पैसे कोण देणार, एवढं लिहून ठेवा. त्यानंतर निदान दहा कच्ची चित्रं काढा. पहिली तीन नेहमीचीच निघतात.

पुठ्ठ्यावर चुका

बेदाण्याचे रिकामे बॉक्स कापून आम्ही सहा, नऊ आणि बारा इंच उंचीचे ट्रे केले, तळाला साधी जाळी लावली आणि मधोमध एक एलईडी दिवा टांगला. बारा इंची ट्रे गुडघ्याला लागतो, हे पाच मिनिटांत कळलं. पत्र्यात हेच कळायला आम्हाला महिना लागला असता. वेबसाइटच्या चाचण्यांबद्दल वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली हिशेब मांडला होता, की पाच जणांनी वापरून पाहिलं की साधारण ८५ टक्के दोष वर येतात. तो आकडा आमच्या धंद्याला जसाच्या तसा लावत नाही, पण पाच जणींनंतर तीच तक्रार पुन्हा ऐकू येते खरी.

तक्रारींबरोबर समजुतीही टिपा. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली त्या काळात लोखंडी नांगराने जमीन नासते, असं अनेक शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर कितीही चांगला ओतला तरी ही शंका फेडल्याशिवाय विकला जाणार नव्हता.

सेवा असेल तर पुठ्ठ्याऐवजी वही घ्या. हळद शिजवायचा कुकर भाड्याने देण्यासाठी ॲप काढायचं मनात असेल, तर आधी पंधरा दिवस फोन आणि वहीवर बुकिंग घ्या. कोण किती वाजता फोन करतो, कुकर यायला उशीर झाला की काय बोलतो, पैसे कधी देतो, हे सगळं वहीत दिसतं.

आता पत्रा

इथे ड्रॉइंग पक्कं करा, फॅब्रिकेटरला तोंडी मापं देऊ नका. खाण्याच्या मालाला टेकणारा पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. आणि माप ठरवताना पत्र्याचा आकार समोर ठेवा. ८ बाय ४ फुटी पत्र्यातून २५ इंची चौरस तुकडे तीनच निघतात, २३ इंची धरले तर आठ. दोन इंचांचा हट्ट इतका महाग पडतो. शंभर-दोनशे नगांसाठी डाय (दाबून आकार द्यायचा साचा) काढण्याच्या भानगडीत पडू नका, लेझर कटिंग आणि बेंडिंगवर भागतं.

कृषी प्रदर्शनात वस्तू मांडण्याआधी डिझाईनची नोंदणी करायची का, ते ठरवा. डिझाईन कायदा, २००० नुसार नोंदणीसाठी रूप नवं आणि आधी उघड न झालेलं लागतं. संरक्षण दहा वर्षांचं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. पण ते फक्त दिसण्याला मिळतं. यंत्राची करामत राखायची तर पेटंटचा रस्ता वेगळा.

पहिला लॉट दहाचाच काढा. आमच्या दहांपैकी तीन ट्रे आठवड्यात परत आले. जाळीच्या कडेत लुगड्याचा पदर अडकून फाटत होता. पुठ्ठ्याच्या कडेला धार नसते, त्यामुळे चाचणीत हे दिसलंच नव्हतं. आता कड आत मुडपतो. बेंडिंगचा एक घाव वाढला.