हळूहळू उतरणारी हवा आणि रिमवरचा गंज

गाडीच्या मागच्या डाव्या चाकातली हवा दर आठवड्याला थोडीथोडी उतरत होती, परंतु ट्रेडमध्ये (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागात) खिळा, काच किंवा भोक असे काहीच सापडत नव्हते. म्हणून मी चाक उतरवून आडवे ठेवले आणि टायर जिथे रिमला टेकतो त्या कडेवर साबणाचे पाणी ओतले. काही वेळाने व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला मोहरीएवढे बुडबुडे ओळीने उमटू लागले. म्हणजे गळती रबरातून नव्हतीच. मशीनवर टायर सोडवल्यावर अलॉय रिमच्या त्याच भागावर पांढरी, खडबडीत भुकटी दिसली. हा अॅल्युमिनियमचा गंज असून तो टायरची कड रिमवर पूर्ण बसू देत नाही. तारेच्या ब्रशने तो हलक्या हाताने घासून काढला, रिम पुसून कडेला बीड सीलर (टायरची कड हवाबंद करणारा लेप) लावला आणि बारीक भेगा पडलेला रबरी व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलला. चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करून घेतले, कारण टायर रिमवर थोडा फिरून बसला तरी समतोल बिघडतो. हवा मात्र टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या दाबाइतकीच भरली. टायरवर कोरलेला दाबाचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेव्हापासून त्या चाकाचा दाब बाकीच्या चाकांइतकाच टिकून आहे.